लाइन आली का?

जुलैचा शेवटचा आठवडा. खरिपाचा पीकविमा भरायची मुदत सरत आलेली. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अशा वेळी 'येथे सर्व ऑनलाइन कामे करून मिळतील' अशी पाटी लावलेल्या दुकानासमोर सकाळपासून माणसं उभी असतात. हातातल्या पिशवीत सातबारा, आधारकार्ड आणि बँकेचं पासबुक. अकराच्या सुमारास आतला पंखा थांबतो, संगणकाचा पडदा काळा होतो आणि दुकानातला पोरगा दारात येऊन सांगतो, "मामा, लाइन गेलीय. लाइन आल्याबिगर ऑनलाइन होत नाही. तुम्ही लाइनीतच थांबा."

तीन छोटी वाक्यं आणि त्यांत एकच इंग्रजी शब्द चार वेळा. पहिल्या दोन खेपेला त्याचा अर्थ वीज, तिसऱ्या खेपेला इंटरनेट, चौथ्या खेपेला रांग. बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही अर्थ विचारावा लागत नाही. सत्तरीतले आजोबा मान हलवतात आणि सावलीला सरकून उभे राहतात. इंग्रजी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसाने एका इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ पचवले आहेत आणि ते कुठे कसे वापरायचे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. भाषेच्या अभ्यासकांनी थांबून पाहावी अशी ही गोष्ट आहे.

इंग्रजीत या बाबतीत मोठेपणाचा मान लहान शब्दांनाच मिळालेला आहे. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'रन' या तीन अक्षरी क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. 'लाइन' हा शब्द त्याच जातकुळीतला. कवितेची ओळ, कपाळावरची आठी, मासे पकडायच्या गळाची दोरी, घराण्याचा वंश, सैन्याची आघाडी, नटाच्या तोंडचं वाक्य, हे सगळं इंग्रजीत 'लाइन'च. मराठवाड्याने यातलं फारसं काही घेतलं नाही. आपल्या दाराशी जे आलं तेवढंच उचललं, आणि इंग्रजांनाही ओळखू येणार नाहीत असे काही अर्थ त्याला स्वतः दिले.

या शब्दाचं मूळ शोधत गेलं की वाट रोमन लोकांच्या शेतात पोचते. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून तंतू निघतो, त्याचा धागा होतो, धाग्याचं कापड होतं. या धाग्याला लॅटिनमध्ये 'लिनिया' म्हणत. धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळते, म्हणून धाग्याचं नाव रेघेला लागलं आणि पुढे ते इंग्रजीत 'लाइन' झालं. जवसाच्या कापडाला 'लिनन', कोटाच्या आतल्या कापडाला 'लायनिंग', जवसाला 'लिनसीड' ही सगळी त्याच घरातली भावंडं. युरोपने जवस मुख्यतः धाग्यासाठी वाढवला, आपल्याकडे तो तेलासाठी आणि चटणीसाठी पेरला गेला. ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी हे तर मराठवाड्यातल्या घराघरातलं जेवण. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने जवसाचा 'एलएसएल ९३' हा वाणही दिला आहे. या मुलखात 'लाइन' हा शब्द परका म्हणून आला खरा, पण त्याच्या पोटातलं बी आपल्या रब्बीच्या शिवारात निळी फुलं धरून केव्हापासून उभं होतं.

शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आजही कुठे जिवंत पाहायचा असेल तर बांधकामावर जावं. घराचा पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून खोल्यांच्या कडा आखतात, त्याला 'लाइन आउट' म्हणतात. मग भिंत उचलायची वेळ येते. गवंडी दोन्ही टोकांना एकेक वीट पक्की बसवतो आणि त्यांच्यामध्ये लाइनदोरी ताणतो. मधली प्रत्येक वीट या दोरीच्या अंदाजाने बसते, पण दोरीला टेकू द्यायची नाही. एका विटेने दोरी ढकलली की पुढच्या सगळ्या विटा तेवढ्या बाहेर जातात. शिकाऊ पोराला मिस्त्री पहिल्या दिवशी हेच सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कारागीर जवसाचा धागा ताणून जे करत होता तेच हा माणूस नायलॉनची दोरी ताणून करतो आहे. गंमत अशी, की आडव्या दोरीला इंग्रजी नाव आलं, पण भिंत उभी सरळ आहे का हे पाहायला जे वजन लटकवतात तो 'ओळंबा' मात्र ओळंबाच राहिला.

या भागात 'लाइन' हा शब्द गावोगाव पसरवला तो बहुधा रेल्वेने. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मीटरगेज मार्ग १९०० च्या आसपास सुरू झाला आणि नांदेड नकाशावरच्या रेघेवर आलं. लातूरची कथा वेगळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत नेला. पुढे वाढत वाढत तो १९११ मध्ये लातूरला पोचला आणि दुसऱ्या टोकाने १९२७ मध्ये मिरजेला भिडला. कंपनीचं नाव बार्शी लाइट रेल्वे, लोकांच्या तोंडी नुसती 'बार्शी लाइट'. इथला 'लाइट' उजेडाचा नव्हे, वजनाचा. हलक्या रुळांवरून चालणारी हलकी गाडी, म्हणून लाइट.

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून रेल्वेत एक शिस्त असते. पुढच्या स्टेशनाला विचारायचं, मार्ग मोकळा आहे अशी खात्री मिळाली की तशी निशाणी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ती हातात असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. या परवानगीचं नाव 'लाइन क्लिअर'. रेल्वेच्या कचेरीतला हा शब्द स्टेशनाबाहेर पडला आणि थेट सोयरिकीत शिरला. मुलीकडच्यांचा होकार आला की मध्यस्थ फोन करतो, "लाइन क्लिअर आहे, या तुम्ही." भावकीतला वाद मिटून जमिनीची वाटणी झाली, बँकेचं कर्ज मंजूर झालं, तिकीट मिळणार असं पुढाऱ्याला कळलं, सगळीकडे लाइन क्लिअर.

मात्र नांदेड-लातूरच्या माणसासाठी 'लाइन' म्हणजे पहिल्यांदा वीज. पुण्या-मुंबईत 'लाइट गेले', इथे 'लाइन गेली'. विदर्भातही हीच बोली. 'लाइन सारखी येऊलाली जाऊलाली' हे वाक्य लातूरकडे उन्हाळ्यात दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळतं. सीमेकडे सरकलं की शब्द बदलतो. धर्माबाद-देगलूरच्या पलीकडे तेलुगू बोलणारा माणूस वीज गेली की 'करंट' गेला म्हणतो आणि उदगीर-देवणीच्या पलीकडचा कन्नड बोलणाराही 'करंट'च म्हणतो. अंधार तोच, पण पुण्यात उजेड जातो, तेलंगणात प्रवाह जातो आणि मराठवाड्यात तार जाते. तिन्ही शब्द इंग्रजी, तिन्ही ठिकाणी वेगळे.

असं का झालं असावं? एक कारण सरळ दिसतं. शहरात वीज दिव्याच्या रूपाने भेटली म्हणून ती 'लाइट' झाली. इथल्या शेतकऱ्याला ती शिवारातून जाणाऱ्या तारांच्या रूपाने भेटली. त्याला उजेडाइतकीच, किंबहुना अधिक, मोटारीची चिंता. विहिरीवरची मोटार चालवायला तिन्ही फेज लागतात, आणि शेतीला ती वीज ठरलेल्या तासांपुरती मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. 'या आठवड्यात लाइन कवाची हाय?' या प्रश्नावर घरातलं सगळं वेळापत्रक ठरतं. रातपाळीची लाइन असली की माणूस बॅटरी, काठी आणि मफलर घेऊन मध्यरात्री शेतावर जातो. थंडीत गव्हाला पाणी देताना पायाखाली साप-विंचू असतो, झुडपाआड रानडुक्कर असतं. दारं मोडत, पाणी फिरवत असताना एकदम मोटारीचा आवाज बंद पडतो. तो तसाच चिखलात उभा राहून लांबच्या वस्तीकडे पाहतो. तिथलाही दिवा गेला असेल तर लाइन गेली. तिथला दिवा चालू असेल तर फेज उडाला किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, म्हणजे काम लांबलं.

डीपी जळाली की गावाला आठवतो तो लाइनमन. सरकारी कागदावर त्याचं पद काहीही असो, गावात तो लाइनमनच आणि त्याचा मोबाइल नंबर घराघरात असतो. पावसात खांबावर चढणाऱ्या या माणसाच्या कामात जीव जायची भीती रोजची. वीज कामगारांच्या सन्मानासाठी ४ मार्च हा दिवस आता देशभर 'लाइनमन दिवस' म्हणून पाळला जातो. तोही अनेक गावांना ठाऊक नाही. त्या दिवशी आपल्या लाइनमनला चहाला बोलावायला काहीच हरकत नसावी.

वर्तमानपत्रं आणि सरकारी पत्रकं मात्र हा शब्द कटाक्षाने टाळतात. तिथे वीजवाहिनी तुटते, जलवाहिनी फुटते, लोहमार्ग टाकला जातो. बातमी वाचणारा माणूस शेजाऱ्याला सांगताना म्हणतो, "नळाची मेन लाइन फुटली, दोन दिवस पाणी नाही." 'जलवाहिनी' हा चांगला शब्द आहे, घडणीने सुंदर आहे, पण तो छापला जातो आणि बोलला जात नाही. विहिरीपासून शेतापर्यंत कर्ज काढून पाइप पुरणारा शेतकरी 'पाइपलाइन केली' असंच म्हणतो आणि त्या दोन शब्दांत त्याचा अभिमानही असतो.

पाणी आणि लाइन यांचं नातं लातूरने २०१६ मध्ये जसं भोगलं तसं फार थोड्या शहरांनी भोगलं असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांभोवती आणि टँकरच्या जागी भांडणं होऊ लागली, तेव्हा मार्चमध्ये प्रशासनाने पाण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं. पाण्यासाठी कलम लावावं लागलं, ही बातमी देशभर गेली. गल्लीगल्लीत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींच्या लाइनी लागलेल्या असत. माणूस रात्रभर उभा राहू शकत नाही, म्हणून त्याच्या जागी घागर उभी. आपली घागर कितवी आहे हे लेकरांनाही पाठ.

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वॅगन, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वॅगनची 'जलदूत' धावू लागली आणि शंभरावर खेपा झाल्या. ती गाडी कुठून आली हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखं आहे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. मधला थोडा भाग बदलला आहे, पण ही जवळजवळ बार्शी लाइटचीच वाट. कॅलथ्रॉपची अडीच फुटी लाइन या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रुंद झाली होती, म्हणून पन्नास वॅगनचं ओझं ती पेलू शकली. रुळांची लाइन, तिच्यावरून आलेलं पाणी, त्या पाण्याची पाइपलाइन आणि शेवटी घागरींची लाइन, असा एका शब्दाचा सगळा संसार त्या उन्हाळ्यात लातूरने एकाच वेळी पाहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि त्याच गल्ल्यांतली माणसं बँकेच्या लाइनीत उभी राहिली.

सरळ रेघेने जिवाला चटका लावल्याची याहून जुनी आठवण किल्लारीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावं आखीव, रुंद रस्त्यांची, एकसारख्या घरांच्या लाइनींची. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण जुन्या गावात बोळ होते, पार होता, एकाच्या ओसरीतून दुसऱ्याच्या अंगणात जाणारी पायवाट होती. भावकी जवळ राहत होती. 'लाइनीत घर मिळालं' या वाक्यात तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मिळालेलं आणि गमावलेलं दोन्ही असतं.

लातूरचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते आणखी एका लाइनीमुळे. दयानंद, राजर्षी शाहू अशा महाविद्यालयांतली मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पॅटर्न हा शब्द बाहेरच्यांनी वापरला. घरातले लोक बोलतात ते लाइनीबद्दल. "पोरगं कोणत्या लाइनला हाय?" "सायन्स लाइन घेतलीय, मेडिकलचं बघायलोय." नांदेड असो की लातूर, दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न लग्नात, बाजारात, एसटीत विचारला जातो. शेत विकून किंवा गहाण ठेवून शिकवणीची फी भरणाऱ्या बापासाठी लाइन म्हणजे शेतीतून बाहेर पडायची एकमेव वाट. म्हणूनच नोकरी लागली की तो नुसतं 'नोकरी लागली' म्हणत नाही. तो म्हणतो, "चला, एक लेकरू लाइनीला लागलं." या वाक्यातला सुस्कारा ज्याने ऐकला आहे त्याला या शब्दाचं वजन सांगावं लागत नाही. या वाटेवर अडखळणाऱ्या मुलांची, एका गुणाने हुकलेल्या मुलांची गोष्ट मात्र भाषेने अजून शब्दांत धरलेली नाही. 'लाइन चुकली' एवढंच म्हणून ती बाजूला सारली जाते, आणि हे त्या मुलांवर अन्यायाचं आहे.

बाकीचे अर्थ भराभर. व्यापाऱ्याचा विक्री प्रतिनिधी 'आज औशाची लाइन, उद्या निलंग्याची' म्हणतो, म्हणजे त्या मार्गावरची दुकानं. पहाटे वर्तमानपत्रं टाकणाऱ्या पोराची ठरलेली घरं ही त्याची पेपरलाइन. पोलिसांच्या वसाहतीला पोलीस लाइन म्हणतात, कारण छावण्यांत शिपायांची घरं रांगेत असत. तिथे वाढलेला मुलगा 'लाइन बॉय'. महाविद्यालयाच्या फाटकाजवळ 'लाइन मारणे' आणि 'लाइन देणे' यांचे अर्थ सांगायची गरज नाही. बिघडलेल्याला लाइनीवर आणतात. न जमणाऱ्या धंद्याबद्दल 'आपली ती लाइन नाही' म्हणतात.

इतका फिरलेला हा शब्द व्याकरणाने पुरता मराठी झाला आहे. तो स्त्रीलिंगी आहे, कारण ओळ, रेघ, रांग या त्याच्या मराठी बहिणी सगळ्या स्त्रीलिंगी. त्याचं अनेकवचन लाइनी. विभक्ती लावली की लाइनीला, लाइनीत, लाइनीवर. पाहुणा घरात इतका रुळला की त्याला घरचेच नियम लागतात, तसं हे.

तरीही काही जागा मराठीने सोडल्या नाहीत, आणि त्या जागा पाहिल्या की बरं वाटतं. शेतात तिफणीने पडते ती काकरी, नांगराने पडतं ते तास. तिथे 'लाइन' पोचली नाही. लग्नात जेवायला पंगत बसते, लाइन बसत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला येणारे भाविकही पंगतीतच बसतात. हा शब्द पंजाबीत आणि मराठीत सारखाच आहे. पंढरीला दिंडी जाते. आणि शाळेत लेकरू ज्या वहीत पहिल्यांदा इंग्रजी अक्षरं गिरवतं, तिचं दुकानातलं नाव आजही 'चाररेघी' आहे.

शब्दांचा हा साठा कोशांतून सहसा सापडत नाही. 'लाइन गेली' मधला अर्थ, 'लाइनीला लागलं' मधला अर्थ, पेपरलाइन, लाइनदोरी हे सगळं तोंडातोंडी चाललं आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि तिथे मराठी शिकणारी पोरं याच गावांतून येतात. त्यांनी आपल्या आजोबांचे, गावच्या लाइनमनचे, मिस्त्रीचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. बार्शी लाइटवर काम केलेली माणसं आता थकली आहेत. 'लाइन क्लिअर' स्वतःच्या हाताने ड्रायव्हरला दिलेली माणसं त्यांच्यात आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवं.